आठव्या दिवसाचं हृदय

९ सप्टेंबर
आज धडधड पाहिली — काचेच्या बशीतली! उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या सुट्या पेशी. काल प्रत्येकीचा ठेका निराळा होता. आज दोघी एकमेकींना टेकल्यात आणि एका ठेक्यात चालल्यात. प्रयोगशाळेच्या प्रमुख कन्निकाताईंनी दोनदा जेवायला बोलावलं. मी हललेच नाही. बाहेर पडले तेव्हा सगळं च्यांगमाई त्याच ठेक्यावर चाललंय असं वाटत होतं.

१४ सप्टेंबर, रविवार
लम्फूनला घरी. ऑगस्टमध्ये आमच्या लमयाईच्या बागेत फळांची तोडणी चालू असताना बाबांना झटका आला, तेव्हापासून ते ओसरीवरच बसून असतात. डॉक्टरांनी बायपास सांगितलीय.

त्यांना पिल्लांचं सांगितलं. एका दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचा तुकडा काढला तरी तीन आठवड्यांत भरून येतो. आठव्या दिवशी काढला, तर नुसता व्रण. पेशी मोठ्या होतात, पण एकीच्या दोन व्हायच्या थांबतात. का थांबतात, तेच शोधतोय. नवं औषध आठ दिवसांच्या पिल्लांना देऊन पाहतोय.

"लमयाई छाटली की फुटते. माणसाचं का नाही फुटणार?"

म्हटलं, माणसातही होतात थोड्या नव्या. वर्षाला शंभरात जेमतेम एक.

"होतात ना पण!"

केवढे खुलले! मी पुढे काही बोलले नाही.

३ ऑक्टोबर
प्रयोगशाळेत भिक्खू आले होते, प्रयोगांत मेलेल्या उंदरांच्या नावाने पुण्य करायला. मंत्र चालू असताना डोळे मिटले. बाबांचं हृदय दिसलं — पहाटेच्या धुक्यासारखं, कडेकडेने भरत येणारं.

१८ ऑक्टोबर
पिल्लांच्या हृदयाच्या काही कापांत पेशी दुभंगताना दिसल्या. रंग दिल्यामुळे हिरव्या चमकत होत्या. कुठल्या पिल्लांना औषध आणि कुठल्यांना नुसतं पाणी, हे फक्त कन्निकाताईंना माहीत. तरी बाबांना फोन केलाच.

२ नोव्हेंबर, रविवार
बाबांनी ऑपरेशनची ऑक्टोबरमधली तारीख दोनदा पुढे ढकललीय. आज हळूच सांगितलं.

"आईला म्हटलंय, हॉस्पिटलात रांग आहे. तुझं औषध होऊ दे आधी. छाती कशाला फाडून घ्यायची?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. हे उंदरांचं आहे बाबा, माणसापर्यंत यायला वीस वर्षं लागतील, कदाचित कधीच येणार नाही. बोलले नाही. ते इतके आनंदात होते — आणि खरं सांगायचं तर मीही.

२० नोव्हेंबर
ताईंनी यादी उघडली. औषधवाली आणि पाणीवाली पिल्लं — काही फरक नाही. दोन्हीकडे तेवढ्याच चुकार पेशी दुभंगलेल्या. ताई म्हणाल्या, नाही हेसुद्धा उत्तरच असतं. मी कापांकडे बघत राहिले. अजूनही सुंदर दिसत होते.

२३ नोव्हेंबर, रविवार
सांगितलं. सगळं. वीस वर्षांचंही. बाबा म्हणाले, "बरं. तारीख घे." पायऱ्या चढताना त्यांना दम लागत होता. पाय सुजलेत. हे मला आजच दिसलं.

४ डिसेंबर
ऑपरेशन होणार नाही. हृदय फार थकलंय, आता छाती उघडणं झेपणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, ऑक्टोबरमध्ये का नाही आलात? आई समोरच होती. बाबा म्हणाले, "मी घाबरलो." माझं नाव काढलं नाही.