एकोणसत्तर टक्क्यांवर अडलेलं सुंबरान

९ एप्रिल
कामावरून आलो तर डबा ओरडत होता. डबा म्हणजे मुलानं, किरणनं, पुण्याला नोकरीवर जाण्याआधी बसवून दिलेला घरचा सर्व्हर. आत दोन डिस्क, दोन्हींत तेच सामान. एक गेली तर दुसरी राहते. एक गेली. त्यात माझ्या वडिलांची, आबांची सुंबरानं आहेत, धनगरी ओव्यांतली बिरोबाची सगळी कथा, त्यांच्या आवाजात. आबा आता नाहीत, आणि ती दुसरीकडं कुठंच नाहीत. किरण फोनवर म्हणाला, घाबरू नका बाबा, नवी लावली की मशीन आपलं आपण भरून घेतं. घाबरलो नाही. देवापुढं दिवा लावून जरा जास्त बसलो, एवढंच.

११ एप्रिल
नवी म्हणून दिलेली डिस्क नवी नाही! किरणनं तिकडून पाहिलं, ही आधी कुठंतरी वर्षानुवर्षं चाललेली. पाकीट मात्र सीलबंद. दुकानात गेलो. मालक म्हणतो, "चाचा, चल रही है ना? फिर?" म्हटलं, चालतेय तर माझी चप्पलही. नवी म्हणून घेता का? शेजारचं गिऱ्हाईक हसलं, तेव्हा कुठं बदलून दिली. डोक्यावर देवाची तसबीर टांगून, रोज हार घालून हे धंदे.

१३ एप्रिल
भरणं सुरू केलं. एकोणसत्तर टक्क्यांपर्यंत नीट. तेवढ्यात नळाला पाणी आलं, आठवड्यानं. सगळ्या गल्लीनं नळाला मोटारी जोडल्या, दिवे मंद झाले, येऊन पाहतो तर डबा थांबलेला. पुन्हा पहिल्यापासून. थेट नळाला मोटार लावू नये हे प्रत्येकाला ठाऊक आहे. चिकलठाण्याकडं इमारतीवर इमारत उठतेय, पाणी आहे तेवढंच, उलट कमी. आणि इथं ज्याची मोटार मोठी त्याची टाकी भरते.
बायको, सुनंदा, म्हणाली, "आपलीबी चालूच होती की."


१५ एप्रिल
वरच्या मजल्यावरच्या जोशीसाहेबांकडं गेलो. पुढच्या पाण्याला तासभर मोटार बंद ठेवा, बाकीच्यांनाही तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात, अशी विनंती केली. हसले. "अहो शिंगाडे, तुमच्या गाण्यांसाठी आम्ही पारोसं राहायचं का?"
पाण्याचं म्हणणं एक वेळ रास्त. पण गाणी म्हणाले. त्यांच्या घरच्या पोथीला मी कधी कागद म्हटलं नाही.
येताना यूपीएस घेऊन आलो. आता कोणाच्या दारात जायला नको.

१८ एप्रिल
यूपीएस लावून पुन्हा सुरू केलं. पाण्याचा दिवस नाही, दिवे ठणठणीत. एकोणसत्तरवर थांबलं.
किरण बराच वेळ तिकडून बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, दोन्ही वेळा एकाच जागी अडलंय. मोटारींचा संबंध नाही. जी जुनी डिस्क चांगली समजत होतो, तिलाच तिथं खोट आहे."
म्हणजे चोर घरात. जोशीसाहेबांना जाऊन सांगायला हवं. सांगेन. या आठवड्यात नाही. गाणी म्हणाले ते म्हणालेच.

२० एप्रिल
भरणं बंद. जे वाचता येतं ते एकेक करून दुसरीकडं उतरवून घेतलं. सगळं आलं, एक सोडून. बिरोबाची आणि मायाक्कादेवीची भेट होते तो भाग. नेमका तो. पुण्यात डिस्क उघडून बघणारे आहेत. निघेल असा शब्द देत नाहीत, आगाऊ पैसे मात्र घेतात. कुरिअरनं पाठवली. त्याआधी पेटीवर भंडारा वाहिला.

२८ एप्रिल
गावी गेलो. फुलंब्रीपर्यंत एसटी, पुढं काळी-पिवळी जीप. शिवारात हिरवं काही नाही. मेंढरं पोरांनी पैठणकडं नेलीत, धरण आटलंय तिथं थोडा चारा आहे. घरी आप्पा एकटेच. आबांचे धाकटे भाऊ, जन्मभर त्यांच्या मागं उभं राहून साथीची झील ओढली. त्यांना डिस्कचं सगळं सांगितलं, म्हटलं, भेटीचा भाग तेवढा म्हणा, मी फोनमध्ये घेतो.
"मला तरी कुठं येतोय आता?" म्हणाले. "तुझ्याकडं हाय म्हणून घोकलाच नाय. पोरांना शिकवाया बसलो तर म्हणत्यात, शहरातल्या काकाच्या डब्यात हाय समदं, कशाला डोकं खाता."
लई राग आला. दुकानदारावर येणं सोपं होतं, जोशीसाहेबांवरही. हा कोणावर काढायचा?
आप्पांनी विचारलं, "पुण्यात न्हायच निघालं तर?" मग तेच म्हणाले, "दादा म्हणायचा तवा म्होरं तूच बसायचास. म्हण, किती येतंय बघू."
म्हटलं, मी रेकॉर्डिंग सांभाळत होतो, आप्पा.
"कान तर हुते का न्हाय?"
घोंगडं अंथरलं त्यांनी. मी रागातच सुरुवात केली. दोन ओळी आल्या. तिसरी म्हटली तर त्यांनी हात वर केला.
"ही दादाची नाय. तू घातलीस."
आबांचीच आहे. मी स्वतः ऐकलेली आहे. ते नाही म्हणतात. गाडीपर्यंत सोडायला आले तरी आम्ही त्याच ओळीवर भांडत होतो, शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

२ मे
आबांचीच आहे ती. पुण्याहून निरोप नाही.