पाठमोरा चंदनकुमार

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार

आजपासून आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात. कचेरीसमोर पेढे वाटले. लोक विचारतात, त्याने काय होणार? अडाणी लोक. ज्या मुंबईत सिनेमे बनतात, तीच आता माझी राजधानी. मी मुंबईला जायच्या आधी मुंबईच सिंदेवाहीला आली. उरलेलं काम माझं.

संकल्प: रोजनिशी रोज लिहायची आणि शुद्ध लिहायची. मले-तुले बंद. सिनेमातलं नाव चंदनकुमार, कारण वारलू हे नाव पोस्टरवर शोभत नाही. मिशी वाढवायची. वय सव्वीस. (बायको म्हणते, लग्नातही तुम्ही सव्वीसचेच होते, आता आपला पोरगा बंडी हाकते. आशाला कुठेही हिशेब आठवतात.)

४ नोव्हेंबर, भाऊबीज

माझे नाचातले गुरू बापूजी, त्यांना सांगून टाकलं, या साली दंडारीत नाचणार नाही. दंडारीचा फड त्यांचा, ढोलकीही तेच वाजवतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या ढोलकीवर मी लुगडं नेसून नाचतो आहे. मंडईची जत्रा भरली की गावोगावच्या बंड्या मला बघायला येतात. मागच्या साली नवरगावला एका म्हाताऱ्याने बापूजींना बाजूला घेऊन विचारलं, ही पोरगी कोणाची, नातवासाठी पाहून राह्यलो. अशी कला मंडईच्या धुळीत किती दिवस घालवायची?

बापूजी ढोलकीच्या दोऱ्या ताणत होते. मान वर न करता म्हणाले, “काऊन, पाय दुखून राह्यले का?”

म्हटलं, सिनेमात जातो.

म्हणाले, “जाय ना बाप्पा. पन लुगडं ठेवून जाय. पोचूले लागते.”

पोचू म्हणजे आमचा टाळ वाजवणारा. त्याला माझं लुगडं! हसू आलं. देऊन टाकलं.

९ नोव्हेंबर

पोचूचा नाच बघितला. मुद्दाम गेलो नव्हतो, रस्ताच तिकडून होता. धानाच्या बांधीत रुतलेली म्हैस. लोकांनी शिट्ट्या मारल्या, दया आली असेल. मी शेवटपर्यंत थांबलो तो केवळ गर्दीतून निघता येईना म्हणून.

घरी धान चुरणं चालू आहे. आशाने विचारलं, दंडार नाही तर खळ्यावर याल का. समजावलं की हीरोच्या हाताला घट्टे चालत नाहीत. ती म्हणाली, मग पायानं तुडवा. अशा घरात कलाकार कसा वाढणार?

१८ डिसेंबर, चांदा

सकाळच्या गाडीने फोटो काढायला आलो. हाताची मूठ हनुवटीखाली, नजर वर. फोटोवाल्याने विचारलं, दाढ दुखते का?

तिथून बाबूभाईंच्या दुकानात. दंडारीचे कपडे हेच शिवतात. टॉकीजमध्ये येणारा प्रत्येक सिनेमा यांनी पाहिलेला, त्यामुळे जिल्ह्यात माझी किंमत जाणणारा हा एकच माणूस. मशीन थांबवून म्हणाले, “वारलूभाऊ, बऱ्या वखती आले. मोहर्लीच्या जंगलात मुंबईची कंपनी येऊन राह्यली. कपड्याचं काम मलेच भेटलं. नाचाचं काही निघालं तर तुमचं नाव टाकतो.”

मी म्हटलं, नाचाचं नको, हीरोचं टाका. ते म्हणाले, पहिले आत तर घुसा, मग बैठक पाहा.

शेवटी हा शिंपीच. दूरदृष्टी नाही.

७ जानेवारी १९५७

बाबूभाईंचा निरोप, अर्जंट या. कंपनीच्या हिरॉईनबाईंचा पाय दगडावरून घसरून मुरगळला. गाणं अडलं. नाचणारा पाहिजे.

कोणाच्या दुखण्यावर आनंद मानू नये. मानला नाही. फक्त निघताना नारळ फोडला.

दुकानात बाबूभाईंनी छाती, कंबर, उंची मापली. हातातल्या एका कागदाशी ताडून पाहिली आणि खूश झाले. म्हणाले, “फिट्ट! एक टाकाबी उसवा नाई लागत.” हीरोची फिगर उपजत लागते, ती अशी.

८ जानेवारी, मोहर्ली

कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून लॉरीने आलो. डायरेक्टरसाहेब टोपी घालून खुर्चीवर. मला समोरून पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. दिपले असावेत. मग म्हणाले, घूम जाओ. वळलो. तेव्हा एकदम उठून उभे राहिले. माझ्याभोवती फिरून कॅमेऱ्यावाल्याला बोलावलं. दोघे बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत होते.

नाचून दाखवा म्हणाले. ढोलकी कुठली? बाबूभाईंनी बिस्किटाच्या डब्यावर ठेका धरला. थोडंसंच नाचलो, तर साहेब हात वर करून ओरडले, “डबल मिल गया!”

डबल! नव्या माणसाला इथे सिंगल रोल मिळत नाही, मला आल्या आल्या डबल रोल. आशाला हे ऐकवायचं आहे.

९ जानेवारी

मेकअपवाल्याने मिशी काढून टाकली. मी अडवलं, म्हटलं ही हीरोची आहे. तो म्हणाला, वळताना दिसली तर पिच्चर बंद पडेल. दोन महिन्यांची मिशी. कलेसाठी त्याग.

मला घागरा-चोळी दिली. बाबूभाईंनी हिरॉईनबाईंसाठी शिवलेली, मला तंतोतंत बसली. म्हणजे दोनपैकी पहिला रोल बाईचा दिसतो. हीरोचा नंतर येईल. तोवर मिशीही येईल.

११ जानेवारी, सकाळ

तळ्याकाठी शूटिंग. गवतावर दव, पाय बधिर. कॅमेरा इतका दूर की तिथून मी बगळ्याएवढा दिसलो असेन. पण कॅमेरा विलायती आहे, त्याला सगळं दिसतं. या शॉटला लाँग शॉट म्हणतात. लांबलचक आहे, म्हणजे महत्त्वाचा असणार.

पाठ इकडे ठेवा, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. मी नम्रपणे सांगितलं की माझी डावी बाजू चांगली आहे. साहेब म्हणाले, चेहरा बाद में. नोंद करून ठेवतो: चेहरा बाद में.

मग रेकॉर्ड लावली. पेटी, सारंगी, काय काय. त्यात ढोलकी नव्हती, पण पायांना बापूजींचाच ठेका ऐकू येत होता. सुरुवातीला पाठ सांभाळत होतो. नंतर पाठ, कॅमेरा, थंडी, मुंबई, काहीच ध्यानात राहिलं नाही. रेकॉर्ड संपली तेव्हा कळलं की संपली. आजूबाजूला सगळे उभे. आचारी झारा हातात घेऊन उभा. लॉरीचा ड्रायव्हर लॉरीतून उतरून उभा. साहेब कट म्हणायचं विसरले होते.

हिरॉईनबाई पायाला पट्टी बांधून खुर्चीवर होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “मुझसे तो सात जनम में न होता.” मी कुडकुडत होतो, तर अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली.

जळतात बिचाऱ्या. शाल मात्र गरम होती.

१३ जानेवारी

दुसरा रोल कधी, हे असिस्टंटला विचारलं. तो हसत सुटला. म्हणे डबल म्हणजे डबल रोल नव्हे. हिरॉईनला जे जमत नाही ते तिच्या जागी दुसऱ्याने करायचं, आणि लोकांना वाटायचं की तिनेच केलं. चेहरा तिचा, पाठ तुझी.

ऐकून घेतलं. प्रत्येक कंपनीत अशी हलकी माणसं असतात. नवा कलाकार वर जाताना दिसला की त्यांच्या पोटात दुखतं.

निघताना सरळ साहेबांनाच गाठलं. नाव विचारलं त्यांनी. चंदनकुमार म्हणालो. म्हणाले, “बहुत अच्छा नाम है,” आणि मोटारीत बसले. असिस्टंट खोटा पडला.

१६ मार्च, होळी

गावाने मोहर्लीची हकीकत पुन्हा सांगायला लावली. आज त्यात एक वाघ आला. मी आणला नाही, बोलता बोलता आला. हीरो म्हणून त्याच्या समोर उभं राहणं भाग पडलं. पोचू तोंड उघडं टाकून ऐकत होता. आशा मधेच उठून गेली.

२८ जुलै

धानाची रोवणी. आशा आणि सगळ्या बाया चिखलात. मला बोलावलं. कंबर धरली आहे असं सांगितलं. मुंबईचं बोलावणं कोणत्याही क्षणी येईल, तेव्हा पाय सुजलेले असून चालणार नाहीत. पोस्टमनला सांगून ठेवलं आहे की चंदनकुमार म्हणजे मीच. तो म्हणाला, मग वारलू कोण?

संकल्प: पोस्टमनशी बोलणं बंद.

३ नोव्हेंबर

यंदाच्या मंडईसाठी बापूजींनी स्वतः निरोप पाठवला. “येतो का पाह्य त्याले, ढोलकीले करमत नाई.” निरोप पोचूनेच आणला. मी कळवलं की करार वगैरे असतात, असं कुठेही नाचता येत नाही. करार कुठला हे पोचूला विचारायचं सुचलं नाही, हे बरं.

८ डिसेंबर

सिनेमा चांद्याला लागला! बाबूभाईंचा निरोप आला. सगळ्या गावाला सांगितलं, चला, मी दाखवतो. बापूजी, पोचू, सगळी दंडार, बाया, म्हातारे, सगळे निघणार. आशा नाही म्हणत होती. म्हटलं, नवरा पडद्यावर आणि बायको चुलीसमोर, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोक म्हनतच आहेत. पण येणार आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

अर्धं टॉकीज आमच्याच गावाचं. नावं आली. चंदनकुमार नव्हतं. अक्षरं फार भरभर पळतात, निसटलं असेल. सिनेमा चालू झाला. झाडामागून कोणी आलं की बापूजी मोठ्याने विचारत, “वारल्या, हा तू का?” हमाल आला, तू का. दरोडेखोर आले, यातला कोनता तू. एक घोडा आला तेव्हाही पोचूने माझ्याकडे पाहिलं.

मग तळं आलं. ते गाणं. पहिले हिरॉईनबाईंचा चेहरा, हा एवढा मोठा, हसरा. मग लांबून ती नाचू लागली. म्हणजे मी. शिट्ट्या! पैसे फेकले लोकांनी पडद्यावर! माझ्या पुढचा एक मिलवाला खुर्चीवर चढून ओरडला, काय बाई आहे!

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हा मी.

बापूजी म्हणाले, “बस खाली. ते तं बाई होय.”

म्हटलं, बापूजी, मीच. पाठ पाहा. बापूजी म्हणाले, “वारल्या, पोट्टा होता तवापासून तुले नाचवून राह्यलो मी. इतलं चांगलं तू कधी नाचला?” मागून कोणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या. पुढचा मिलवाला म्हणाला, बसता का आता, बाई दिसून नाई राह्यली.

बसलो.

समाप्त अशी पाटी आली तरी लोक माझ्याकडे बघून हसत होते. परतीच्या गाडीत घोड्याची नक्कल झाली. त्याआधी बाबूभाई स्टेशनवर सगळ्यांना शपथ घेऊन सांगत होते, कपडे मी शिवले, माप यांचंच होतं. त्यावर तर जास्तच हसले.

तसं पाहता, माझ्या कलेचा याहून मोठा सत्कार कोणता? माझ्या गुरूलाही कळलं नाही की मी बाई नाही. असं लिहून ठेवतो. वाचायला बरं वाटेल कधीतरी.

१५ डिसेंबर

आज भाकरी थापताना आशा एकदम म्हणाली, “तुमीच होते ते.”

विचारलं, कशावरून?

म्हणाली, “लग्न झालं तवापासून तुमची पाठच पाहून राह्यली मी. काम निघालं का तुमी पाठ फिरवता. मले नाई वळखू येईन तं कोनाले येईन?” मग भाकरी उलटून म्हणाली, “मस्त नाचले.”

आशाला सिनेमातलं काही कळत नाही. तिचं मत धरायचं नाही. तरी पण मला नीट ऐकू आलं नाही असं सांगून तिला पुन्हा बोलायला लावलं. तिने भाकरी वाढली.

१६ डिसेंबर

खळ्यावर गेलो. सहज. दुपारपर्यंतच थांबलो.

१९ जानेवारी १९५८

बापूजींकडे गेलो. म्हटलं, मंडईसाठी मुंबईकडून थोडी सवड काढली आहे. बापूजी म्हणाले, ये, पण मुख्य नाच आता पोचूचा. तू मागच्या रांगेत उभा राह्य. आणि नवीन नाच बसवून राह्यलो, त्या पिच्चरमधल्या बाईचा. पोचू पुन्हा पुन्हा चांद्याला जाऊन शिकून आला. तुले तोच शिकवते.

म्हटलं, मला शिकायची गरज नाही. सगळे एवढे हसले की बापूजींची ढोलकी थांबली.

पोचू पुढे, मी मागे. पोचूने पाय टाकला. चुकला. तिथे उजवा आहे, मग अर्धी गिरकी. सांगितलं त्याला. तो वळून, अदबीनेच बोलला, “नाई ना वारलूभाऊ, मी डोळ्यानं पाह्यलं. ते बाई डावाच टाकते.”

बापूजी म्हणाले, “ऐक त्याचं. पहिल्यापासून.”

ढोलकी सुरू झाली. मी डावा टाकला. बापूजी म्हणाले, आता जमून राह्यलं.