निळं ते खरं

३ मार्च १९५८, सोमवार

आमचा ऑरव्हिल बुधवारी पुन्हा मरणार! हे विसावं मरण. अकरा वर्षांत कुणी त्याला नदीत बुडवलं, कुणी फासावर दिलं, दोनदा तर घोड्यानेच तुडवलं. आणि पडद्यावर नाव येतं कुणाचं? डेन हॅलोरनचं! ऑरव्हिल स्टकी हे नाव म्हणे गावंढळ. असेना! कॅन्ससचे गावंढळच आहोत आम्ही.

पण आवाज बापाचा घेतलाय पोराने. बाप गाईवर ओरडला तरी गाणं म्हटल्यासारखं वाटायचं. ती तांबडी गाय तर— जाऊ दे, कुठून कुठे गेले.

यावेळी टीव्हीवर शेरीफचा डेप्युटी आहे. तो पाठ करतो, मी समोरच्या डाकूचं वाचते, एकेका शब्दावर बोट ठेवून. तिसरीपर्यंतची शाळा माझी. म्हणतो, "आई, तुझ्या डाकूने पिस्तूल काढेपर्यंत मी म्हातारा होऊन मरेन गं!" हसून हसून पोट दुखलं.

आधी संवादांची पांढरी पानं आली. मग वर कुणाचं तरी डोकं फिरलं, बदललेली निळी आली. "निळं ते खरं, आई. बाकी सगळी रद्दी," म्हणाला. ठेवलं लक्षात.

४ मार्च

ऑरव्हिल सकाळीच घोड्यावर बसायच्या सरावाला गेला. मी फळ्या घासल्या. ल्यूआन, माझी सहा वर्षांची नात, कुठूनसे गुलाबी कागद घेऊन आली, एकावर घोडाही काढलेला. घोडा कसला, टेबलाला शेपूट! कागद निळे नव्हते, म्हणजे रद्दीच. मुरंब्याच्या बरण्यांखाली अंथरले. फळी कशी नटून बसलीय!

५ मार्च

मेले हलकट!

डेप्युटी जगणार होता. दर आठवड्याला परत येणार होता! काल नवी पानं पाठवली म्हणे, त्यात दोन पानांचं भाषण. ऑरव्हिलला एक शब्द येईना, सगळे बघत उभे. ऊन उतरायला लागलं तसा दिग्दर्शक ओरडला, "जुनंच घ्या! मरणं तरी येतं त्याला."

मेला बिचारा. छान मेला म्हणतात.

जेवला नाही. "आई, या वयात अशी संधी पुन्हा येत नाही," एवढंच बोलला.

६ मार्च

स्टुडिओच्या कचेरीतली ती प्रुइटबाई फोनवर म्हणते, "मी स्वतः तुमच्या दाराशी ठेवलाय लिफाफा." ऑरव्हिल म्हणाला, "खोटारडी!" मी फोन हिसकावला. "माझ्या पोराच्या तोंडचा घास काढलास, जीभ झडो तुझी!" बाई रडायला लागली.

ल्यूआन म्हणते, "आजी, तू वाईट बोललीस."

बोलणारच!

७ मार्च

प्रुइटबाईला कामावरून काढलं. बरं झालं! आज मी मक्याची भाकरी केली, ऑरव्हिलने दोन खाल्ल्या.

९ मार्च, रविवार

मुरंबा सांडला. चिकट कागद सोडवून उचलला. घोडा काढलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलेली अक्षरं. बोट ठेवून वाचली.

"डेप्युटी डोळे उघडतो."

तिसरीपर्यंतची शाळा. पण एवढं येतं वाचता.