चमक काढलेलं पाणी

८ नोव्हेंबर, शनिवार

पोचले एकदाची! आदिलाबादहून जैनथची बस, पुढे ऑटो. ऑटोत माझ्यासकट आठ माणसं, दोन कोंबड्या आणि माझा ट्रायपॉड. तो एका आजोबांनी सगळा रस्ता मांडीवर धरून आणला. दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस, आणि गावाच्या टोकाला पैनगंगा.

बाबारावांच्या घरी गच्चीवरची खोली मिळाली आहे. ते मंडळ कचेरीतून, म्हणजे इथल्या तहसिलीतून, कारकून म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई, आणि मुलगी दीपमाला, इथल्या शाळेत शिकवते. पुस्तकांचं कपाट दाखवून बाबाराव म्हणाले, की या घरात नवससायास, भूतखेत काही चालत नाही, चालतं ते हेच. मला माणूस आवडला. ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी इतकी खाल्ली की जिना चढवेना.

हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीला नदीच्या पुस्तकासाठी पाण्याचे बारा फोटो हवेत. पसंत पडले तर कायमची नोकरी. बेचाळीस वय झालं, लग्नांचे फोटो काढून काढून मी आंबले आहे. ही नोकरी मला हवीच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला डोहावर. गावाखाली नदी वळते तिथे पाणी थांबल्यासारखं होतं, तळाला सपाट फरशीचा दगड. जागा अशी की मीच स्वतःची पाठ थोपटली.

पण साध्या लेन्सने पाणी दिसतच नाही, दिसतं ते आभाळ. म्हणून पोलरायझर, म्हणजे लेन्सवर चढवायची काळपट काच. तिची कडी फिरवत गेलं की एका जागी पाण्यावरची चमक पुसल्यासारखी निघून जाते आणि तळ वर येतो. ऊन बाजूने हवं, नजर तिरकी हवी, पाणी निवांत हवं. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात. तिसरी गावाच्या हातात, आणि गाव ऐकेल तर शपथ. जी बाई धुणं घेऊन येते ती पाय टाकण्याआधी पाण्यावर तीनदा तळवा आपटते. चट, चट, चट! की झालं, सगळा डोह थरथरतो, गाळ उठतो. दहा मिनिटं थांबून पाणी बसतंय तोवर दुसरी येते. दोन तासांत एक फोटो धड नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

चंद्रभागाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “पानी मोडून घ्या लागते, ताई. मंग पाय टाकाचा.” बाबारावांनी लगेच खुलासा केला, की खेकडे-साप पळावेत म्हणून जुन्या लोकांनी घातलेली सवय आहे, बाकी काही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कालचे फोटो पाहून कंपनीतला भार्गव फोनवर म्हणतो, पाणी छान आहे पण फोटोत माणूस पाहिजे, पाय पाण्यात, तळ दिसतोय असा. खुर्चीत बसून सांगायला काय जातंय त्याचं!

दीपमाला हसत तयार झाली. शाळा नऊची, त्याआधी तासभर. निळं लुगडं आईचं, खोचून गुडघाभर पाण्यात. ती सवयीने पाणी थोपटायला वाकली तशी मी ओरडले, पाणी हलवू नकोस. ती थबकली. मग म्हणाली, “बाबा तं म्हंतेतच, हे सारं खुळ हाय. राहू द्या.” आणि तशीच पाण्यात उतरली.

काय फोटो आलाय! तिच्या पायाची नखंसुद्धा मोजावीत. फक्त डाव्या पायापासून वीतभर अंतरावर, फरशीवर, काहीतरी फिकट पडलंय. पानासारखं. काच पुसायची राहिली असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काच पुसली. लेन्स बदलली. जागा बदलली, दहा पावलं वरच्या अंगाला. तरी ते आहेच, आणि आज तिच्या टाचेला टेकलंय. मोठं करून पाहिलं. पान नाही, पंजा आहे. बोटं पाच.

पोलरायझर काढून पाहिलं तर नुसतं आभाळ. चढवला की पंजा. डोळ्यांनी पाण्यात काही दिसत नाही, मी दोनदा वाकून पाहिलं. माझा इतका संताप झाला की दीपमालेलाच ओरडले, नीट उभी राहा म्हणून. ती बिचारी म्हणाली, “पाय जड होऊन राह्यले, ताई. गाळ ओढते वाटते.” तिथे गाळ नाही, स्वच्छ फरशी आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पोलरायझर लेन्सवर अडकून बसला. फडकं लावून, रबर लावून, दातओठ खाऊन पिळला, हलत नाही. कडी मात्र फिरते. आता पाहीन ते त्यातूनच.

आज पंजाने घोटा धरलाय. धरलाय, टेकला नाही. कडी फिरवून सगळी चमक परत आणली, झाडं-आभाळ सगळं पाण्यात उलटं दिसायला लागलं, तरी पंजा तसाच.

माझ्याच मनाचे खेळ आहेत का, हे पाहायला भार्गवला फोटो पाठवले. त्याने उत्तर दिलं, अप्रतिम, फक्त पायाला मूळ गुंडाळलंय ते पुसून टाक, आणि असे आणखी दोन दे, नोकरी पक्की समज.

म्हणजे त्यालाही दिसतंय.

मी दीपमालेला सांगितलं नाही. दोनच फोटो राहिलेत. लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं तर हेच कारण.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नेलं तिला पुन्हा. मीच. बारा फोटो पूर्ण झाले.

पंजा गुडघ्यावर आहे. मागे मनगट, कोपरापर्यंत हात, आणि फरशी तिथे संपते, खाली काळं.

ती लंगडत घरी आली. घोट्यावर चार वळ. तिला वाटतं लुगड्याचा काठ रुतला असेल. चंद्रभागाबाईंनी वळ पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि तेल गरम करायला आत गेल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

राहवेना. बाबारावांना सगळं सांगितलं, फोटो दाखवले. ते भयंकर चिडले. शिकल्या-सवरल्या बाईने त्यांच्या घरात हे आणावं! “माह्या घरात हे चालनार नाई, मॅडम!” फोटोतली फांदी आहे, म्हणाले. पण दुसऱ्यांदा पाहिला नाही. उठून ओसरीवर गेले.

दीपमालेचा पाय गार. गरम विटेने शेकला, तेल चोळलं, तरी गार.

तिने नदीवर जायचं नाही, एवढं तरी ठरलं. नदी सोडली की सुटेल. सुटलंच पाहिजे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चंद्रभागाबाईंनी फरशी पुसली. दारातून तिरकं ऊन. दीपमाला ओल्या फरशीवरून भिंतीला धरून येत होती. मी कॅमेरा का उचलला माहीत नाही. सवय मेली.

फरशीवरची चमक गेली. आणि फरशीखाली

खोल आहे. घराच्या खाली. तो कोपरापर्यंतचा हात आता खांद्यापर्यंत आहे, खांद्याच्या वर काहीतरी वळतंय, वर बघायला—

कॅमेरा टाकून दिला. चादरी, पोती, हाताला येईल त्याने फरशी कोरडी केली. सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी थांबवलं नाही. बाबारावही गुडघ्यांवर बसून पुसायला लागले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दीपमाला उठू शकत नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांनी शिरेचं काहीतरी सांगितलं. गोळ्या दिल्या.

घरात पाणी सांडू देत नाही आम्ही. पण पाणी कुठे नाही? अंगावरचा घाम. बाजेखाली ठेवलेला लोटा. ती तहानेने पाणी मागते आणि मला देववत नाही—

दुपारी चंद्रभागाबाई गच्चीवर आल्या. हळू बोलल्या, बाबारावांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांची सासू सांगायची. चमक असते तोवर खालच्याला वरचं दिसत नाही. पाणी मोडलं की तो बिचकतो. न मोडता उभं राहिलं तर पाय ओळखून ठेवतो. मी विचारलं, सोडतो कसा? त्यांनी पदर तोंडाला लावला. “त्याले येकच लागते, ताई. दुसरा भेटला का पयला सोडते.” मग रडल्या. मला डोहावर जा म्हणाल्या नाहीत. मीच जाते असंही म्हणाले नाही.

माझा राग आला मला. त्या कंपनीचा, त्या काचेचा, सगळ्यात जास्त माझा. एक ‘हलवू नकोस’ म्हटलं मी. पोरगी पाणी थोपटायला वाकली होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डोहावर. साडेआठ. ऊन बाजूने आहे.

पोलरायझर दगडाने फोडला. लेन्सही गेली. फोटो सगळे पुसले, कार्डावरचे, लॅपटॉपवरचे. भार्गवचे पाच फोन, घेतले नाहीत.

काठच्या दगडावर बसून लिहिते आहे. पाय पाण्यात आहेत, गुडघ्यापर्यंत. पाणी मोडलं नाही.

अर्धा तास झाला. काही नाही. मूर्खासारखं वाटतंय. बेचाळिसाव्या वर्षी पाण्यात पाय सोडून—

गार. आधी डाव्या टाचेला.

वाकून पाहिलं. नुसतं आभाळ दिसतं. झाडं. माझं तोंड.

बाबारावांचा फोन. दीपमाला उठली. दोन्ही पायांवर उभी आहे, चहा मागते आहे, पाय ऊन लागतोय हाताला. मी मोठ्याने रडले, इतकं बरं वाटलं. त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमी कुठं हाव?” मी म्हटलं, आलेच.

निघते.

उजवा पाय वर घेतला. डावा येत नाही. गाळ नाहीये इथे. फरशी

मांडीपर्यंत. दगडाला धरून आहे, एका हाताने लिहि—

दीपमालेला सांगा, पाणी मोडल्याशिवाय कुणी मला शोधायला