निळ्या कड्याचे काडतूस

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, नोकरी पैशांच्या गाडीवर बंदोबस्ताची, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. मी कामावर जातो, म्हणून लिहीत आहे. शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासले आहे. शब्दांवरून कोणी वाद घालू नये.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा आईला. मागच्या खोलीचे दार पावसात फुगते. त्याला लाथ मारू नये, खालून उचलून ढकलावे.

२. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला, शिक्षणासाठी. लग्नासाठी नव्हे. ती म्हणेल, "दादा, तू मेल्यावरही हुकूम सोडतोस." हो, सोडतो.

३. रिव्हॉल्व्हर कंपनीचे आहे, म्हणून ते मला कोणाला देता येत नाही. साफ करायची सळई, ब्रश आणि तेलाची बाटली माझी आहे. ती आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला. तो मला "थिजलेल्याचा पोरगा" म्हणतो. तरी देतो.

४. त्या नावाचा खुलासा. माझे वडील याच गाडीवर होते. चोर समोर आल्यावर त्यांचा हात थिजला, चाप ओढलाच नाही आणि ते मारले गेले, असे सगळे मानतात. कारण नंतर त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी काडतुसे कोरी, ठोका न बसलेली निघाली. ते रिव्हॉल्व्हर सर्वांत आधी हातात घेतले काकांनी. काका म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ आणि कंपनीच्या हत्यारखोलीचे प्रमुख. आम्हाला वाढवले त्यांनीच, मला नोकरीला लावले त्यांनीच.

सरावात गोळ्या उडत नाहीत, हे मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, "जुना माल आहे, ऊन दाखव. आणि आपल्याला गोळी झाडायची नसते रे, पट्ट्याला लावून दाखवायची असते." नवी काडतुसे तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर येतात आणि साहेबांची पाठ वळली की आत जातात.

परवा काकांनी दिलेल्या काडतुसांत एकाच्या बुडाशी निळे कडे दिसले. बुडाच्या टिकलीवर घोड्याचा ठोका बसतो, तेव्हा गोळी उडते. तिथे ओल शिरू नये म्हणून वडील तिच्याभोवती बहिणीचे निळे नेलपॉलिश लावत. बहीण बाटली लपवायची. दुसरे कोणी असे करत नसे. आणि त्या कड्याच्या मधोमध ठोक्याचा खळगा होता. म्हणजे बाबांनी चाप ओढला होता. काडतूस फुसके निघाले.

काकांना विचारले. ते खाली बघत म्हणाले, "त्याची काडतुसं मीच बदलली. खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तुमची चूल कोणी पेटवली असती?"

मी म्हणालो, "आणि तेच काडतूस माझ्या हातात दिलंत?"

"डब्यात मिसळलं असेल," ते म्हणाले.

५. ते काडतूस आईने माझ्या मरणानंतर कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवावे.

६. नोकरी लागली तेव्हा काकांनी दिलेले बूट काकांना परत. ते मला पहिल्यापासून चावतात.

७. मी काम सोडत नाही. सोडले तर म्हणतील, हाही थिजला. मी मारला गेलो, तर कोणी तोंड उघडण्याआधी माझ्या रिव्हॉल्व्हरमधल्या प्रत्येक काडतुसाचे बूड चारचौघांत पाहावे. काकांना हात लावू देऊ नये.

दुरुस्ती: कलम ५ मी रद्द करीत आहे. कारण पुढीलप्रमाणे. साक्षीसाठी काकूंना बोलावले. काकूंनी विचारले, "साक्षीदाराला मजकूर वाचावा लागतो का रे?"

"नाही. फक्त माझी सही होताना बघायची."

"मग वाचतेच."

शेवटपर्यंत वाचले. चष्मा पुसला. म्हणाल्या, "मेल्यावर कशाला? दे ते इकडे."

"काकू, काकांची नोकरी जाईल."

"मला सांगतोस? मीच त्यांचा डबा भरते."

त्यांनी माझी सही बघितली, स्वतःची केली, चपला घातल्या आणि मोठ्या साहेबांकडे गेल्या. सदर वस्तू आता माझ्या ताब्यात नाही. बाकी कलमे कायम.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: सोमवार, कामावर निघण्यापूर्वी

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार: (सही) शेजारचे शिंपी. मजकूर वाचलेला नाही.
साक्षीदार: (सही) काकू. मजकूर वाचला आहे.