नऊवारीवर बूट

रविवार संध्याकाळ, जानेवारी २००३. कोथरूड.

आज जमलं! खडकवासल्याच्या पुढच्या त्या गावात मी आहारतज्ज्ञ म्हणून कितीतरी रविवार बायकांना सांगतेय, रोज चाला, पाव-बिस्किटांऐवजी भाकरी-पालेभाजी खा. आयटीवाल्यांच्या बंगल्यांसाठी जमिनी विकल्यापासून या बायकांचं रानात जाणंच संपलंय, अंगातली साखर वाढलीय. ऐकायच्या सगळ्या, पण कामाशिवाय रस्त्यावर चालायचं म्हणजे लोक हसतील ना!

आज त्यांच्यातल्याच शांताकाकू मुलाचे पांढरे बूट घालून आल्या. नऊवारीवर बूट! पारावरून एकजण ओरडलाच, "काकू, कुठं पळून चाललाय?"

"दवाखान्यापासनं लांब," काकू म्हणाल्या. "तू बी चल. पोट बघ तुझं."

पारावर हशा पिकला, पण त्याच्यावर. मग एकेका घरातून सुना निघाल्या, मागोमाग सासवाही. बूट सैल, तरी काकू सगळ्यांच्या पुढे. मला का नाही सुचलं असं उत्तर? जाऊ दे, त्यांनी दिलं तेच बरं.

निघताना काकू म्हणाल्या, "बाई, आता तुमी न्हाय आला तरी चालंल. आमी रोज जाणार हाय."

इतकं गोड मला आजवर कोणी हाकललं नव्हतं.