राक्षसाचं तोंड पन्हळीला बसवा

रुआँ, फ्रान्स
१२ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप अव्वास,
बाळाप्पाचा दूरदेशाहून शरणार्थ. महांतेश, आज्जीला पत्र मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्याविषयीचं गाळू नकोस.

अव्वा, मी ठणठणीत हाय. प्रदर्शनात आपले हुपरीचे पैंजण लोक कानाशी धरून वाजवून बघतात. जेवण मात्र अळणी; तुझी शेंगदाण्याची चटणी पुरवून खातोय. तुझे गुडघे कसे हायत?

इथल्या जुन्या चर्चवर दगडी राक्षस बसवलेत. पाऊस आला की त्यांच्या घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो आणि छपराचं पाणी त्यांच्या तोंडातून भिंतीपासून लांब पडतं. वाटाड्या म्हणाला, त्यांचं नावच घशावरून पडलंय. पूर्वी म्हणे नदीतला एक राक्षस गावं बुडवायचा. एका साधूनं त्याला धरला, लोकांनी जाळला. धड जळलं, मुंडकं काही जळेना. मग तेच चर्चवर टांगलं. मी म्हटलं, "पावणं, आमच्यात बी नजर लागू नये म्हणून नव्या घराला असंच तोंड टांगत्यात की!"

महांतेश, आपल्या नव्या घराला राक्षसाचं तोंड टांगणं तुला गावंढळ वाटतंय, आणि त्याच्याशिवाय आज्जी घरभरणीला यायची न्हाय. तर ऐक. गच्चीच्या पन्हळीला ते तोंड बसव. नजर बी लागायची न्हाय, आपली भिंत बी भिजायची न्हाय. कुणी हसलं तर फ्रान्सची फॅशन म्हणून सांग.

अव्वा, आता रुसवा सोड. नव्या घराचा उंबरा आधी तू ओलांडायचास. आम्ही सगळी तुझ्या मागनं.

तुझा लेक,
बाळाप्पा